शेवटच्या खांबापलीकडचा वारा

कपाच्या तळाशी साखर उरली होती. दाणे अजून सुटे दिसत होते आणि सगळे एका कडेला चंद्रकोरीसारखे गोळा झाले होते. म्हणजे चहा पिताना कप एकाच बाजूला कलत गेला होता आणि त्याआधी तो कुणी ढवळला नव्हता. बशीतला चमचा कोरडाच होता.

गरिमाने कप खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि मग विसळला. काल असंच होतं, परवाही. पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, आबा विसरले असतील. पण विसरलेला माणूस पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतो आणि चमचा शोधतो. आबांनी तो अगोड चहा निमूटपणे संपवला होता. आईला मधुमेह, त्यामुळे घरात चहा बिनसाखरेचा होई आणि आबांचा साखरेचा डबा वेगळा असे. त्यांचं ते ढवळणं इतकं दणदणीत की आई म्हणायची, "देवळाची घंटा राहू द्या, आमच्या ह्यांचा चमचा वाजला की अख्खं माधवगंज उठतं."

आता चमचा वाजत नव्हता. आणि एकदा तिकडे लक्ष गेल्यावर गरिमाला बाकीच्याही न वाजणाऱ्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या. घरात घट बसले होते, पण आरतीत घंटी आईच्या हातात होती. आबा नुसते हात जोडून उभे राहत. संध्याकाळी ते महाराज बाड्यावर, शहराच्या मधल्या चौकात, मित्र विश्वासरावांच्या शेजारी जाऊन बसत, येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे मारत, ते बंद झालं होतं. रात्रीच्या जेवणाआधी जिना चढून गरिमाच्या खोलीत येणं आणि दारातूनच "काय म्हणतोय तुझा वारा?" असं विचारणं, तेही बंद. बोलण्यातून वाक्यं गळाली होती. हं. नको. बघू.

"आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता, तेव्हासुद्धा हे इतके गप्प नव्हते," गरिमाची आई शांताताई म्हणाल्या. त्या हसत म्हणाल्या, पण नंतर गॅसपाशी उभ्या राहून उगीच दूध ढवळत राहिल्या.

दोघींच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती दोघी बोलत नव्हत्या. आबांच्या, म्हणजे जगदेवरावांच्या, छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, पेसमेकर होता. हृदयाचे ठोके मंदावत, चक्कर येई, म्हणून दहाएक वर्षांपूर्वी बसवलेला. आषाढात कंपू भागातल्या दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की बॅटरी संपत आलीय, दोनतीन महिन्यांत यंत्र बदलून घ्या. छोटं काम आहे. आबांनी मान हलवली. घरी आल्यावर म्हणाले, श्रावण होऊ दे. मग गणपती होऊ देत. मग, पितृपक्षात असलं कुणी करतं का? आता दसरा तोंडावर आला होता आणि ते म्हणत होते, दसऱ्यानंतर बघू.

गरिमाला भीती वाटत होती ती बॅटरीची नव्हे. बॅटरी एकदम मरत नाही, बराच आधी इशारा देते, हे तिला ठाऊक होतं. तिला वाटत होतं की हृदयच थकत चाललंय. दुपारी आबा झोपलेले असताना तिने त्यांच्या घोट्याच्या वर बोट दाबून पाहिलं होतं. खळगा राहिला नाही, सूज नव्हती. झोपताना दोन उशा लागत नव्हत्या, श्वास लागत नव्हता. मोजण्यासारखं काहीच चुकत नव्हतं, आणि माणूस मात्र एकेक खोली बंद करत आत जावं तसा आत चालला होता.

गरिमा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवे आणि उरलेला वेळ सूर्याच्या वाऱ्यात घालवी. सूर्य विद्युतभारित कण सतत बाहेर फेकत असतो. तो हा वारा. पृथ्वीजवळून तो सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो आणि गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून ओलांडून तसाच पुढे वाहत राहतो. तिकडे त्याचं काय होतं हे पाहायला माणसांनी मोजकीच यानं पाठवली. त्यातलं दुसरं व्हॉयेजर गरिमाचं होतं. म्हणजे होतं अमेरिकेचं, पण त्याच्यावरच्या वारा मोजणाऱ्या उपकरणाच्या नोंदींवर तिने पीएच.डी. केली होती, आणि अजूनही ती त्याच नोंदी नव्याने चाळत होती. माणसं जसं "माझी गाडी" म्हणतात, तशी ती "माझं यान" म्हणे.

आबा म्हणत, "अगं, तुझ्याआधी ते माझं. ते सुटलं त्या वर्षी मी खात्यात लागलो. आम्ही एकाच बॅचचे."

खातं म्हणजे विजेचं. जगदेवरावांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आले आणि इथलेच झाले. घरातली शेवटची तलवार चालवणारा कोण, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. जगदेवरावांनी आयुष्यभर शहराबाहेरचं एक सबस्टेशन सांभाळलं. वरून वीज कमी आली की कुठला भाग किती वेळ अंधारात ठेवायचा, हे ठरवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. त्याला ते कटौती म्हणत. बाजाराचा फीडर, म्हणजे तिकडे जाणारी लाइन, कापा, वसाहतीचा कापा, मंत्री येणार असेल तर त्याचाही कापा, पण दवाखान्याचा फीडर कापायचा नाही, ही त्यांची शिस्त. एक म्हातारा ट्रान्सफॉर्मर त्यांनी अशी कटौती करकरून त्याच्या आयुष्यापेक्षा कितीतरी जास्त चालवला होता. ती हकिगत ते पाहुण्यांना हमखास ऐकवत, आणि आई हमखास उठून आत जात असे.

गरिमाच्या खोलीत भिंतीवर एक आलेख होता. आडव्या रेघेवर सूर्यापासूनचं अंतर, उभ्या रेघेवर वाऱ्याचा वेग. आबा त्यावरून बोट फिरवत जात.

"हा वेग पडत का जातो गं, असा हळूहळू?"

"बाहेरून, ताऱ्यांच्या मधल्या जागेतून, साधे अणू आत येत असतात आबा. त्यांच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून वारा त्यांना धरू शकत नाही. पण वाटेत त्यांचा इलेक्ट्रॉन निघून जातो, आणि मग वाऱ्याला त्यांनाही ओढत न्यावं लागतं. जितकं लांब जावं तितके हे पाहुणे वाढत जातात."

आबांनी मांडीवर थाप मारली. "कटिया! सूर्याच्या लाइनीवर लोकांनी वाटेत कटिया टाकलाय. मग शेवटच्या खांबाला व्होल्टेज पडणार नाही तर काय होणार?"

कटिया म्हणजे तारेवर चोरून टाकलेला आकडा. दुसऱ्या दिवशी गरिमाने तोच शब्द वर्गात वापरला आणि मागच्या बाकावरचे जागे झाले.

"आणि हे इथे काय झालं? एकदम खाली? ट्रिप झालं?"

"तिथे वारा बाहेरच्या वायूपुढे अडखळतो. एकदम मंद होतो, तापतो. त्याच्याही पुढे एक हद्द आहे. तिथे सूर्याचा वारा संपतो. आपलं यान ती हद्द ओलांडून गेलंय."

"शेवटच्या खांबाच्या पलीकडे," आबा म्हणाले आणि बराच वेळ त्या रेघेच्या टोकाकडे पाहत राहिले.

यानावरची वीजही उतरत चालली होती. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारा संच. दरवर्षी चारेक वॉट कमी. मग पृथ्वीवरची माणसं हिशेब करून एकेक हीटर, एकेक उपकरण बंद करत. गेल्या वर्षी त्यांनी वारा मोजणारं उपकरण बंद केलं, गरिमाचंच. त्या संध्याकाळी ती जेवायला उशिरा खाली आली, तर आबा थांबले होते. "फीडर कापला म्हणजे सबस्टेशन मेलं नाही, पोरी," ते म्हणाले, आणि तिच्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने भात वाढला. यंदा उन्हाळ्याच्या तोंडी आणखी एक उपकरण बंद झालं. तेव्हा गरिमाच त्यांना म्हणाली होती, "कसं चालवतायत बघा आबा. नको ते सगळं बंद. म्हणून तर इतकं टिकलंय. नाहीतर कधीच गप्प झालं असतं."

आबांनी मान डोलावली होती. ते मान डोलावणं गरिमाला पुढे आठवणार होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी विश्वासराव आले. बँकेतून निवृत्त झालेले, गोरेपान, जगदेवरावांचे शाळेपासूनचे मित्र. आल्याआल्या त्यांनी तक्रार मांडली.

"काय रे जगदेव, माझ्याशी बोलणं टाकलंयस का? बाड्यावर मी एकटा बसतो. लोक मला विचारतात, आपके साथवाले गुज़र गए क्या? मी काय सांगू?"

जगदेवराव किंचित हसले. खुर्चीतून उठले नाहीत.

"अरे, निदान शिव्या तरी दे."

"विश्वास," जगदेवराव सावकाश म्हणाले, "आलाच आहेस तर कपाटावरची तलवार काढ. उद्या पूजेला लागेल."

कपाटावर तांबड्या कापडात गुंडाळलेली ती तलवार दर वर्षी जगदेवराव स्वतः उतरवत. लिंबू आणि राख लावून घासत, तेल लावत, आणि तोवर तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. संग्रामसिंह, त्यांचा धाकटा भाऊ, दसऱ्याला इंदूरहून आला तरी त्यालाही नाही.

विश्वासरावांचा चेहरा उतरला. "दुसऱ्याच्या घरची तलवार मी उतरवू?" ते म्हणाले. "असं काय करतोस रे?"

"मग राहू दे. बघू."

शांताताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. गरिमा त्यांच्या मागे गेली, तर त्या देवघरापाशी उभ्या होत्या. "मला आता हे सहन नाही होत, गरिमा," त्या म्हणाल्या. "त्यांनी निरवानिरव सुरू केलीय. तू आत्ताच्या आत्ता घेऊन जा त्यांना. ओढत न्यावं लागलं तरी चालेल."

ओढावं लागलं नाही. गरिमा बाहेर येऊन म्हणाली, "आबा, बदलायचं नंतर बघू. आज फक्त रीडिंग घेऊन येऊ." रीडिंग या शब्दाला आबांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. विश्वासरावांनी त्यांना हात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं. आबा इतके सावकाश चालत होते, की मागून आलेला भाजीवाला त्यांना वळसा घालून पुढे निघून गेला.

कंपूतल्या दवाखान्यात सणामुळे गर्दी बेताचीच होती. नंबर यायला वेळ होता. भिंतीशी लावलेल्या बाकावर बापलेक बसले. आबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, बोटंसुद्धा हलत नव्हती. गरिमाला खूप काही विचारायचं होतं; तिने त्यातलं सगळ्यात लहान विचारलं.

"आबा, तुम्ही चहा का ढवळत नाही?"

आबांनी आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. "हळू बोल," ते म्हणाले.

"का?"

"लोड कमी करतोय."

"कसला लोड?"

त्यांनी डाव्या खांद्याखाली बोट टेकवलं. "ह्याचा. बॅटरी उतरत आलीय म्हणाला ना डॉक्टर? मग वरून सप्लाय कमी असला की काय करायचं असतं? जे जरूरी नाही ते बंद. जिना बंद. बाडा बंद. घंटी बंद. हात कमीत कमी हलवायचा, त्यातही डावा तर बिलकुल नाही, कारण ते यंत्र त्याच बाजूला आहे."

"तुम्ही चमचा डाव्या हाताने धरता," गरिमा हळूच म्हणाली.

"मग! डावराच आहे मी. बोलणंसुद्धा मोजूनमापून. दवाखान्याचा फीडर तेवढा चालू ठेवलाय."

"म्हणजे काय?"

"श्वास, जेवण आणि तुझी आई."

"आई दवाखान्याच्या फीडरवर?"

"तो कापून बघ तू. मग कळेल."

गरिमाच्या तोंडून आवाज निघाला. समोरच्या बाकावरच्या बाईंना वाटलं पोरगी रडतेय, आणि त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. ती रडत नव्हती. म्हणजे फक्त रडत नव्हती. हृदय थकलं नव्हतं. घोट्यावर खळगा पडत नव्हता ते बरोबरच होतं. आत निघालेला माणूस आत निघालाच नव्हता, तो मेन स्विचपाशी बसून एकेक खटका खाली करत होता.

"हे तुम्हाला सांगितलं कुणी?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तूच. नको ते बंद केलं म्हणून टिकलंय, म्हणालीस. अठ्ठेचाळीस वर्षं! माझ्या बॅचचं आहे ते. ते टिकतं, मी नाही टिकणार?"

आता ते मान डोलावणं तिला आठवलं. तिने बाटली परत केली, आभार मानले आणि आबांकडे वळून बसली.

"आबा, ते लोक उपकरणं का बंद करतात ठाऊक आहे? त्यांना आवडतं म्हणून नाही. तिथे कुणाला जाता येत नाही म्हणून. इथून नुसता संदेश पोचायला एकोणीस तास लागतात. तो संच बदलता आला असता तर एक हीटरही बंद केला नसता त्यांनी. माझं उपकरण आज वारा मोजत असतं. ते यान कंपूत असतं ना, तर त्यांनी आषाढातच बॅटरी बदलली असती."

समोर भिंतीवर हृदयाचं मोठं रंगीत चित्र लावलं होतं, त्याकडे आबा पाहत होते. मग एकदम म्हणाले, "शटडाऊनचं काय?"

"कसलं शटडाऊन?"

"अगं, जुना ट्रान्सफॉर्मर काढून नवा चढवायचा तर मध्ये लाइन बंद करावीच लागते. मी शेकडो वेळा केलंय. जुना उतरला, नवा अजून जोडला नाही, तेवढा वेळ सगळा अंधार." त्यांनी डाव्या खांद्याखाली पुन्हा बोट टेकवलं. "हे जुनं काढतील. नवं लावतील. आणि मधल्या वेळात मी कुठे असणार, गरिमा?"

श्रावण, गणपती, पितृपक्ष, दसरा. गरिमाला ते सगळं ओळीने दिसलं, आणि त्याच्या मागे हा एवढा एक प्रश्न. त्यांनी तो आईला विचारला नसता, विश्वासरावांना तर नाहीच. गरिमा अंदाजाने धीर देणारी बाई नव्हती. तिने त्यांचा हात हातात घेतला, डावा, आणि म्हणाली, "हेच्या हेच आत विचारू."

डॉक्टर हेमेंद्र तरुण होते आणि हिंदीतच बोलत. त्यांनी आबांना पलंगावर निजवलं, छातीला तारा चिकटवल्या, यंत्राच्या जागेवर एक चपटी चकती ठेवली आणि शेजारचा लॅपटॉपसारखा पडदा सुरू केला. त्यावर रेघ धावू लागली. जरा वेळाने त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दादा, आपने चलना-फिरना छोड़ दिया है क्या?"

आबा छताकडे पाहू लागले. गरिमाने थोडक्यात सांगितलं. डॉक्टर आधी ऐकत राहिले, मग त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि मोकळेपणाने हसले.

"अरे दादा, उल्टा कर दिया आपने! आप चलते हो तो आपका दिल अपने-आप तेज़ होता है, मशीन चुप बैठकर सुनती है। आप बैठे रहते हो तो दिल धीमा पड़ता है, तब मशीन को धक्का देना पड़ता है। जुलाई के बाद से ये पहले से ज़्यादा काम कर रही है।"

आबांनी मान वळवून गरिमाकडे पाहिलं. "म्हणजे मी लोड कमी करत होतो, आणि तो वाढत होता?"

"हो."

"आणि चहा?"

"चमच्याने काही फरक पडत नाही, आबा."

"इतके दिवस अगोड प्यालो," आबा छताला म्हणाले.

गरिमाने मग तो दुसरा प्रश्न विचारला. शटडाऊन हा शब्द तिने तसाच ठेवला. डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी मान हलवली, जणू हा प्रश्न पूर्वीही कुणीतरी विचारला होता. "बताने से अच्छा दिखा देता हूँ," ते म्हणाले. "दादा, स्क्रीन देखिए। ये जो हर धड़कन से पहले खड़ी लाइन है, ये मशीन का धक्का है। अब मैं मशीन को धीमा कर रहा हूँ, एकदम धीमा। चक्कर आए तो बोलिएगा।"

त्यांनी बटण दाबलं. उभी रेघ, ठोका. उभी रेघ, ठोका. मग एक उभी रेघ आलीच नाही. धावती रेघ सपाट पुढे सरकत राहिली. गरिमाने असल्या रेघा आयुष्यभर पाहिल्या होत्या. त्यांच्या टोकाला काय येईल याची वाट पाहणं हेच तिचं काम होतं. पण त्या रेघांच्या टोकाला आजवर आबा नव्हते.

ठोका आला. आधी उभी रेघ नव्हती, नुसता ठोका. मग थोडं अंतर, आणि आणखी एक. सावकाश, पण एकसारखे ते येत राहिले.

"आता कोण चालवतंय?" आबांनी विचारलं.

डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, पण एवढं त्यांना कळलं. "आप खुद," ते म्हणाले. "बदलते वक्त भी आप ही चलाएँगे। और हम दूसरा इंतज़ाम भी साथ रखते हैं, आपके भरोसे अकेले नहीं छोड़ेंगे।"

आबा त्या रेघेकडे पाहत राहिले, शेवटच्या खांबापलीकडे पाहत तसेच. डॉक्टरांनी यंत्र पूर्ववत केलं तेव्हा ते म्हणाले, "ज़रा और रहने देते." मग स्वतःच उठून बसले आणि सदऱ्याची बटणं लावू लागले, डाव्या हाताने.

दारातून निघताना डॉक्टरांनी विचारलं, "तो फिर कब?" आबा "बताता हूँ" एवढंच म्हणाले. गरिमाने जीभ आवरली. आबांच्या एवढ्या वर्षांच्या सहवासात ती एक गोष्ट शिकली होती. ते सहीला आले असले की त्यांच्या हाताखाली कागद सरकवायचा नसतो.

परतताना ते टेम्पोत बसले आणि घरी जायचं सोडून बाड्यावर उतरले. झेंडूच्या ढिगांतून वाट काढत आबांनी फुलं घेतली, आपट्याची पानं घेतली, पानं विकणाऱ्याशी भावावरून भांडले, आणि टाउन हॉलसमोर एका ओळखीच्याने "बड़े दिनों बाद?" म्हटल्यावर त्याला म्हाताऱ्या ट्रान्सफॉर्मरची हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली. गरिमा फुलांची पिशवी धरून उभी होती. ही हकिगत कधी ऐकायला इतकी बरी वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. ती संपूर्ण ऐकून घेतली तिने, अगदी आई जिथे उठून जाते तो भागसुद्धा.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. विश्वासराव अजून तिथेच होते, चपला घालून, उठू की बसू अशा बेतात. शांताताई दारात आल्या आणि त्यांनी गरिमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गरिमा हसली. तेवढ्यावर शांताताई दाराच्या चौकटीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काय झालं ते कुणी सांगाल का मला?" विश्वासराव म्हणाले.

"काही नाही झालं," जगदेवराव म्हणाले. "शांता, चहा टाक. चमचा दे."

त्यांनी स्टूल ओढलं. गरिमा स्टूल धरायला पुढे झाली, तर त्यांनी हातानेच तिला मागे केलं. कपाटावरून तांबडं गाठोडं खाली आलं, जमिनीवर कागद अंथरला गेला, आणि लिंबाच्या फोडीने पात्यावर जुनी ओळखीची करकर सुरू झाली. मध्येच थांबून त्यांनी चहा ढवळला, इतका वेळ की विश्वासरावांनी कानावर हात ठेवले.

"अरे, तळ फोडशील कपाचा!"

"फुटू दे. इतक्या दिवसांची साखर आहे."

मग विश्वासरावांना सगळं कळलं, अर्थात गरिमाकडून, आणि त्यांनी मित्राला मनसोक्त शिव्या दिल्या. माणसाने स्वतःचाच फीडर कापल्याचं उदाहरण आपल्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही, असंही ते म्हणाले. बँकेत फीडर नसतात, हे जगदेवरावांनी त्यांना सांगितलं.

शांताताई मात्र हसण्यात सामील झाल्या नाहीत. त्या पाटावर बसल्या होत्या, दिव्यासाठी वात वळत. "ते सगळं ठीक," त्या म्हणाल्या. "पण बदलायचं काय? की आता दिवाळी होऊ दे?"

करकर थांबली. गरिमाने हातातली झेंडूची माळ परडीत ठेवली. विश्वासरावांनीही, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, मध्येच तोंड घातलं नाही.

जगदेवरावांनी पातं उजेडात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. "हिचं ते यान आहे ना विश्वास," ते म्हणाले, "त्याच्यापाशी कुणाला जाता येत नाही. म्हणून बिचारे एकेक बंद करत बसलेत. कंपूला टेम्पो जातो."

त्यांनी तलवार खाली ठेवली आणि हात पुसले.

"उद्या दसरा. परवा शुक्रवार. शुक्रवारी सकाळी मी बॅटरी बदलून घेतोय, शांता."